‘ऐतिहासिक’ दोन आणि ‘आर्थिक’ पाच: इंग्रजीतल्या जुळ्या विशेषणांचं करायचं काय?

प्रश्न आहे एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या ताईंचा. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या इंग्रजी निमंत्रणात त्यांनी ‘हिस्टॉरिकल मोमेंट’ असं लिहिलं. साहेबांनी लाल शाईनं शेवटचा ‘अल’ खोडला आणि ‘हिस्टॉरिक’ केलं. शब्दकोशात पाहिलं तर दोन्हींपुढे ‘ऐतिहासिक’. मग त्यांनी असल्या शंभर जोड्यांची यादी मिळवली, पाठ केली आणि आठवड्यात विसरल्या. त्या विचारतात, हे लक्षात ठेवायचं कसं? जाता जाता आणखी एक शंका. त्याच निमंत्रणात ‘कन्सर्न्ड ऑफिसर्स’ असंही होतं, ते साहेबांनी तसंच ठेवलं. ते तरी बरोबर आहे का?

ताई, साहेबांनी ‘अल’ खोडला ते योग्यच केलं. जुन्या काळाशी ज्याचा संबंध आहे ते ‘हिस्टॉरिकल’. इतिहासात ज्याची नोंद व्हावी एवढं मोठं आहे ते ‘हिस्टॉरिक’. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले लाखो कागद आहेत. त्यातला एखादा कुणाच्या मुदपाकखान्यातल्या तुपाच्या हिशेबाचा असेल तर तो ‘हिस्टॉरिकल’ कागद झाला, पण त्यानं इतिहास काही घडवला नाही. 6 जून 1674 रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक हा ‘हिस्टॉरिक’ प्रसंग, आणि त्या प्रसंगावर लिहिलेली कादंबरी ‘हिस्टॉरिकल’. जुलै 2025 मध्ये शिवकाळाशी जोडलेले 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तो निर्णयही ‘हिस्टॉरिक’च. तेव्हा तुमच्या संस्थेचा पन्नासावा वाढदिवस ‘हिस्टॉरिक’ म्हणावा एवढा मोठा आहे की नाही हे संस्थेनं ठरवावं. शब्द मात्र तोच.

आता यादी का विसरलात ते सांगतो. मी सव्वीस वर्षं भाषांतर करतो आहे, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. खरेदीखतं, वार्षिक अहवाल, औषधांची माहितीपत्रकं, हॉटेलांची मेन्यूकार्डं, लग्नाच्या जाहिरातीसुद्धा. यादी मीही पाठ केली होती आणि मीही विसरलो होतो. कारण यादीत विशेषण एकटं उभं असतं. समोर मराठी शब्द, तोही दोन्ही ओळींत तोच. मग मेंदूनं धरून ठेवायचं तरी काय?

आपली मराठी आपण अशी शिकलो का? टिपूर चांदणं, लख्ख ऊन, मिट्ट काळोख, कडाक्याची थंडी. या चौघांच्या व्याख्या कुणी आपल्याला शिकवल्या नाहीत. तरी ‘लख्ख काळोख’ असं तिसरीतलं पोरही म्हणणार नाही. दूध पांढरं असतं आणि मुलगी गोरी. भिंतीला ‘गोरी’ म्हटलं की घरातले हसतात, आणि ते हसणं ऐकत ऐकतच आपण शिकतो. विशेषण असं नामाच्या पदराला गाठ मारून घरात येतं. इंग्रजांच्या घरीही तसंच आहे. त्यांचा पाऊस ‘हेवी’, चहा ‘स्ट्राँग’ आणि ऊन ‘ब्राइट’. आपण ‘कडक’ चहाला ‘हार्ड टी’ म्हणालो तर आता त्यांची हसण्याची पाळी.

तर पहिली गोष्ट, ‘हिस्टॉरिकल म्हणजे काय’ असं विचारू नका. ‘हिस्टॉरिकल काय काय असतं’ असं विचारा. कादंबरी, कागद, पुरावा, नकाशा, संशोधन. आणि ‘हिस्टॉरिक’? दिवस, निकाल, विजय, करार, किल्ला. अशी पाच-पाच नामं गोळा केली की सहावं आलं तरी ते कुठल्या रांगेत उभं राहील हे तुमचं तुम्हालाच कळतं.

माझी स्वतःची पहिली मोठी फजिती ‘आर्थिक’ या शब्दानं केली. नवखा होतो. एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीत करायला मिळाला. पहिलंच वाक्य ‘सरत्या आर्थिक वर्षात’ असं होतं आणि मी झोकात ‘इकॉनॉमिकल इयर’ लिहून मोकळा झालो. छापूनही आलं. लेखापरीक्षक गृहस्थ मिश्कील होते. सभेत अध्यक्षांना म्हणाले, “यंदा बरीच काटकसर केलेली दिसते!” अध्यक्षांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी पाण्याचा ग्लास शोधायला बाहेर गेलो.

‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरी, कमी खर्चात भागवणारं. जास्त मायलेज देणारी स्कूटर ‘इकॉनॉमिकल’ असते, डाळ पटकन शिजवून गॅस वाचवणारा कुकर ‘इकॉनॉमिकल’ असतो. वर्ष नसतं. वर्ष ‘फायनान्शियल’. आपला एकटा ‘आर्थिक’ इंग्रजीतल्या पाच जणांचं काम करतो, तेव्हा ही पाचही नीट वेगळी करून घ्या. पैशाची देवघेव, कर्ज, हप्ते, ताळेबंद असला की ‘फायनान्शियल’: आर्थिक अडचण, आर्थिक मदत, आर्थिक वर्ष. देशाचं उत्पादन, रोजगार, व्यापार यांचा मोठा पसारा असला की ‘इकॉनॉमिक’. अर्थसंकल्पाच्या आधी संसदेत मांडला जाणारा आर्थिक पाहणी अहवाल हा ‘इकॉनॉमिक सर्व्हे’, कारण त्यात सरकारची वही नव्हे तर देशाची प्रकृती तपासलेली असते. सरकारची वही, म्हणजे कर आणि खर्च, आली की ‘फिस्कल’. म्हणून राजकोषीय तूट ती ‘फिस्कल डेफिसिट’. चलन आणि व्याजदर आले की ‘मॉनेटरी’. रेपो दर ठरवणारी 6 जणांची समिती 2016 साली नेमली गेली, तिच्या नावात ‘मॉनेटरी’ आहे आणि आपल्याकडे वर्तमानपत्रं तिला पतधोरण समिती म्हणतात. पाचवा आपला काटकसरी ‘इकॉनॉमिकल’. 2008 साली अमेरिकेत आधी बँका बुडाल्या, ते ‘फायनान्शियल’ संकट. मग कारखाने थंडावले, नोकऱ्या गेल्या आणि त्याचं ‘इकॉनॉमिक’ संकट झालं. मराठी बातमीत दोन्हींना ‘आर्थिक संकट’च छापलं गेलं आणि वाचणाऱ्याचं काही अडलं नाही. अडतं ते उलट्या वाटेनं, मराठीतून इंग्रजीत जाताना.

या ‘इकॉनॉमिकल’चं एक वापरणं मात्र फार झकास आहे. 1986 साली सिडनीच्या न्यायालयात एक खटला चालला होता. ब्रिटिश सरकारला आपल्याच एका माजी गुप्तहेराच्या आठवणींचं पुस्तक थांबवायचं होतं. ब्रिटनचे कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग साक्षीला उभे होते आणि उलटतपासणी घेत होते माल्कम टर्नबुल, जे पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. एका पत्रातलं विधान खोटं होतं का, यावर साहेब म्हणाले की गैरसमज होईल असं असेल फार तर, आपण सत्याच्या बाबतीत ‘इकॉनॉमिकल’ होतो. म्हणजे सत्याची काटकसर केली! कल्पना त्यांची नव्हती, अठराव्या शतकातले राजकीय विचारवंत एडमंड बर्क यांच्या लेखनात तिचं मूळ आहे. पण तेव्हापासून ‘सत्याची काटकसर’ हा इंग्रजीत खोटं बोलण्याचा सभ्य पर्याय होऊन बसला. इथे ‘इकॉनॉमिक’ टाकून पाहा, सगळी गंमत विझते. फरक किती खरा आहे ते अशा जागी कळतं.

या ‘इक’ आणि ‘इकल’वाल्या जोड्यांना कुठला नियम आहे का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. ‘क्लासिकल’ म्हणजे शास्त्रीय किंवा अभिजात परंपरेतलं: संगीत, नृत्य, भाषा. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये मिळाला तो ‘क्लासिकल’ भाषेचा दर्जा. ‘क्लासिक’ म्हणजे नमुनेदार, अस्सल मासला: ‘क्लासिक’ उदाहरण, ‘क्लासिक’ चूक. ‘इलेक्ट्रिक’ म्हणजे विजेवर चालणारी किंवा विजेची ठरावीक वस्तू: पंखा, मोटर, शॉक. ‘इलेक्ट्रिकल’ हा सबंध खात्याचा शब्द: अभियंता, दुकान, बिघाड. इंजिनिअर ‘इलेक्ट्रिकल’ असतो. तो ‘इलेक्ट्रिक’ झाला तर त्याला हात लावू नका. पण ‘जिओग्राफिक’ आणि ‘जिओग्राफिकल’, ‘पोएटिक’ आणि ‘पोएटिकल’ यांच्यात अर्थाचा फरक शोधत बसाल तर दिवस वाया जाईल. कानाला जे बरं वाटेल ते घ्या. यादीवाले शंभराचा आकडा भरायला असल्या जोड्याही घुसडतात, हा माझा त्यांच्यावर राग आहे.

एक बारकी गोष्ट यादीत सहसा नसते. क्रियाविशेषण करताना हा फरक पुसला जातो. ‘इकॉनॉमिक’ असो वा ‘इकॉनॉमिकल’, दोन्हींचं ‘इकॉनॉमिकली’च होतं. 2019 सालच्या 103 व्या घटनादुरुस्तीनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 10 टक्के आरक्षण दिलं, तिथेही ‘इकॉनॉमिकली’च आणि कुकरनं काटकसरीत शिजवलं तरी ‘इकॉनॉमिकली’च. ‘हिस्टॉरिकली’चंही तसंच. तेव्हा तिथे निर्धास्त राहा.

आता ज्या जोड्यांत मराठी आपल्याला अडवत नाही, उलट हात देते, त्यांच्याकडे येतो. माझ्या मते शिकणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’. शब्दकोश दोन्हींना ‘सतत’ म्हणून मोकळा होतो. पण आपल्याकडे ‘अखंड’ आहे आणि ‘सारखं’ आहे. अखंड हरिनाम सप्ताह पाहिला आहे ना? सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नसते. पहाटे तीनला पहाऱ्यावरच्या माणसाच्या डोळ्यावर झापड येते. मफलर गुंडाळलेला पुढचा गडी येतो, आधी पाया पडतो, मग ती वीणा याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. मध्ये एक क्षणही रिकामा जात नाही. हे ‘कंटिन्युअस’. आणि त्याच मंडपातला लाऊडस्पीकर सारखा बंद पडतो, ठोकला की चालतो, पुन्हा बंद पडतो. हे ‘कंटिन्युअल’. जिथे मराठीत ‘सारखा सारखा’ म्हणता येईल तिथे ‘कंटिन्युअल’, जिथे ‘अखंड’ किंवा ‘सलग’ बसेल तिथे ‘कंटिन्युअस’. बोलताना इंग्रजही हा फरक दर वेळी पाळत नाहीत, पण कायद्याच्या कागदात पाळावाच लागतो. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालकाच्या हक्काविरुद्ध, अखंड 12 वर्षं कब्जेवहिवाट असली तर 1963 च्या मुदतीच्या कायद्याखाली मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. तो कब्जा ‘कंटिन्युअस’ हवा. ‘कंटिन्युअल’ लिहिलंत तर अधूनमधून येऊन-जाऊन असल्याचा वास येतो आणि समोरचा वकील तेवढंच पकडतो. एका कैफियतीच्या भाषांतरात हा शब्द मी शेवटच्या वाचनात पकडला होता, नाहीतर पक्षकाराची बारा वर्षं माझ्या एका अक्षरानं तुकड्यातुकड्यांची झाली असती.

‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’. मूळ ‘इंटरेस्ट’चे मराठीत तीन तुकडे होतात: व्याज, हितसंबंध आणि गोडी. व्याज बाजूला ठेवा. ज्याचा हितसंबंध नाही तो ‘डिसइंटरेस्टेड’, ज्याला गोडी नाही तो ‘अनइंटरेस्टेड’. लवाद नेमताना पहिला हवा असतो. नारायणरावांच्या खुनाच्या प्रकरणी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे, ते ‘डिसइंटरेस्टेड’. आपल्या ‘निःस्पृह’च्या जवळ जाणारा याहून चांगला इंग्रजी शब्द मला माहीत नाही. पुरावा चालू असताना डुलक्या काढणारा न्यायाधीश तो ‘अनइंटरेस्टेड’. गंमत अशी की सतराव्या शतकात हे दोघे बरोबर उलट्या अर्थानं वापरलेले सापडतात. म्हणजे आज जी चूक समजतात तिला जुनी परंपरा आहे! पण हा बचाव साहेबांपुढे करू नका.

मग ‘इंग’ आणि ‘एड’. नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ असं लिहिणारे अजून भेटतात. त्याचा अर्थ ‘मी या नोकरीत फार रंजक आहे’ असा काहीतरी होतो. ‘आय ॲम बोरिंग’ म्हणजे ‘मी रटाळ आहे’. हा फरक मराठी माणसाला खरं तर आयता मिळालेला आहे. कंटाळवाणा म्हणजे ‘बोरिंग’ आणि कंटाळलेला म्हणजे ‘बोर्ड’. लाजिरवाणा ‘एम्बॅरसिंग’ आणि ओशाळलेला ‘एम्बॅरस्ड’. किळसवाणा ‘डिस्गस्टिंग’, गोंधळलेला ‘कन्फ्यूज्ड’. जिथे मराठीत ‘वाणा’ ऐकू येतो तिथे ‘इंग’, जिथे ‘लेला’ ऐकू येतो तिथे ‘एड’. केविलवाणा आणि दीनवाणा या नियमाबाहेर राहतात, तेवढे सोडा. वर्गात मी हे एकदा सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, मग आम्ही लेले आणि तास वाणी!” त्याला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

याहून सुंदर जुळणी ‘इश’ या शेपटाची आहे. ‘रेडिश’ म्हणजे लालसर. ‘ग्रीनिश’ म्हणजे हिरवट. रंगाशी असतं तोवर हे शेपूट निरुपद्रवी असतं. माणसाशी आलं की नाक मुरडतं, आणि आपलंही अगदी तसंच होतं: पोरकट, वेडपट. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट, आणि ‘चाइल्डलाइक’ म्हणजे लहान मुलासारखा निरागस. सत्तरीतले आजोबा पहिला पाऊस आला म्हणून गॅलरीत धावत जाऊन तळहात बाहेर काढतात, तेव्हा ते ‘चाइल्डलाइक’. तेच आजोबा खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून नाशिकपर्यंत तोंड फुगवून बसतात, तेव्हा ‘चाइल्डिश’. ‘वुमनिश’ आणि ‘वुमनली’ यांच्यातही नेमकं ‘बायकी’ आणि ‘स्त्रीसुलभ’ एवढं अंतर आहे. ‘बायकी’ शब्दातला तुच्छतेचा वास आपल्याला सांगावा लागत नाही. ‘वुमनिश’मध्ये तोच वास आहे हे मात्र सांगावं लागतं.

हा वास हीच खरी अडचण आहे. अर्थ तोच, पण बोलणाऱ्याचं मत वेगळं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं 1948 साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात हे फार मजेत दाखवलं होतं. क्रियापद चालवतात तसं त्यानं विशेषण चालवलं. आपल्या भाषेत ते असं होईल: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो आडमुठा आहे. माणूस एकच, गुण एकच, फक्त बोट कुणाकडे आहे ते बदललं. इंग्रजीतल्या ‘थिन’च्या कुटुंबात हे सगळ्यांत लख्ख दिसतं. नुसतं बारीक ते ‘थिन’. सडपातळ ते ‘स्लिम’, शेलाटी ती ‘स्लेंडर’, आणि दोन्ही कौतुकाचे. हडकुळा तो ‘स्किनी’. अंगावर चरबी नाही पण काटक तो ‘लीन’ किंवा ‘वायरी’. आजारानं खंगलेला तो ‘इमेशिएटेड’. स्थळ बघायला आलेल्यांसमोर मुलीची आई ‘सडपातळ आहे हो’ म्हणते आणि परतीच्या गाडीत वरपक्षाची मावशी ‘किडकिडीत आहे’ म्हणते. दोघींनी पाहिलेली मुलगी एकच. तेव्हा अशा शब्दांपाशी, तुमच्या वाक्यात बोलतंय कोण, आई की मावशी, एवढं विचारून घ्या.

‘चीप’चं तेच. स्वस्तही आणि हलक्या प्रतीचंही. ‘चीप अँड बेस्ट’ ही पाटी आपल्याकडे अभिमानानं लागते. बाहेरचा माणूस ती वाचून आत शिरायला कचरतो. दर कमी आहे एवढंच सांगायचं असेल तर ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ किंवा ‘अफोर्डेबल’. आणि हो, लायब्ररीच्या वर्गणीला आपण ‘माफक’ म्हणतो ना, त्याला ‘मॉडेस्ट’ किंवा ‘रिझनेबल’.

कोकणातल्या एका घरगुती निवासाचं माहितीपत्रक मी केलं होतं. मालकांचा मूळ मजकूर: ‘घरगुती वातावरण, घरगुती जेवण, घरगुती लोक.’ तीन वेळा घरगुती, आणि इंग्रजीत तिन्ही वेगळे. जेवण ‘होम-कुक्ड’. ‘डोमेस्टिक फूड’ म्हटलं तर पाळीव प्राण्याचं खाणं वाटेल. वातावरण ब्रिटिशांसाठी ‘होमली’ चालेल, साधं आणि उबदार या अर्थानं. पण अमेरिकन माणसाच्या कानात ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताचं. आता आपल्या लग्नाच्या जाहिराती आठवा. ‘होमली’ मुलगी हवी! घर सांभाळणारी, मनमिळाऊ असं म्हणायचं असतं, आणि न्यू जर्सीतला वाचतो ‘रूपानं सुमार मुलगी हवी’. एका बापानं तर ‘ब्यूटिफुल अँड होमली’ असं एकत्र लिहून आणलं होतं. मी ‘फॅमिली-ओरिएंटेड’ सुचवलं. त्यांना पटलं नाही, कारण सगळे ‘होमली’च लिहितात. खरं आहे, भारतातल्या इंग्रजीत तो अर्थ रुळला आहे. वाचणारा सोलापूरचा असेल तर राहू द्या. घरगुती लोकांचं मात्र मी भाषांतरच केलं नाही, फोटो टाकायला सांगितला.

त्याच पत्रकात माशाच्या आमटीला मी ‘हॉट’ लिहिलं होतं, अर्थात तिखट या अर्थानं. एक परदेशी पाहुणे फुंकर घालून घालून, निवली आहे याची खात्री करून जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला ठसका लागला. गरम आणि तिखट या दोघांना इंग्रजीत एकच ‘हॉट’, आणि मसालेदार ते ‘स्पायसी’, जे तिखट असेलच असं नाही. कोल्हापूरचा पांढरा रस्सा ‘स्पायसी’ आहे, पण तांबड्याच्या मानानं ‘हॉट’ नाही. इथे गरीब इंग्रजी आहे, मराठी नाही. तसंच ‘ओल्ड’चं. ‘ओल्ड फ्रेंड’ म्हणजे जुना मित्र की म्हातारा मित्र, ते त्यांनाच विचारावं लागतं. उलट ‘उंच’मध्ये आपण गरीब: माणूस, झाड, मनोरा ‘टॉल’, आणि 1,646 मीटरचं कळसूबाई ‘हाय’. बुडाच्या मानानं उंची नजरेत भरत असेल तर ‘टॉल’, ऐसपैस पसरून उंच असेल किंवा जमिनीपासून वर असेल तर ‘हाय’. कपाट ‘टॉल’, त्यातला वरचा कप्पा ‘हाय’.

नकाराचे उपसर्ग दिसले की जरा थांबा. ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे मौल्यवान, मग ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल? नाही, अमूल्य. किंमतच करता येत नाही इतकं. आपला ‘अमूल्य’ही तसाच घडला आहे आणि तो आपल्याला कधी फसवत नाही. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. आणि सगळ्यांत धोक्याची जोडी हायवेवर पुढच्या टँकरच्या पाठीवर रंगवलेली असते: ‘हायली इन्फ्लेमेबल’. त्यातला ‘इन’ नकाराचा नाहीच, लॅटिनमधल्या पेटवण्याच्या क्रियापदाचा तो भाग आहे. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. लोक ‘इन’ला नकार समजून गाफील राहतील म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेनं 1920 च्या दशकात ‘फ्लेमेबल’च वापरा असा आग्रह धरला. न पेटणारं हवं असेल तर ‘नॉन-फ्लेमेबल’. कारखान्यासाठी पाट्या करून देणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवावं.

‘रिस्पेक्टफुल’ म्हणजे आदर देणारा, ‘रिस्पेक्टेबल’ म्हणजे आदर मिळावा असा, आणि ‘रिस्पेक्टिव्ह’चा आदराशी काही संबंध नाही, तो ‘आपापला’. ‘कन्सिडरेट’ माणूस दुसऱ्याचा विचार करतो, ‘कन्सिडरेबल’ रक्कम चांगलीच मोठी असते. ‘इंडस्ट्रियल’ वसाहत, ‘इंडस्ट्रियस’ मुलगी. एवढ्यावर यांची बोळवण करतो, कारण नाम जोडलं की हे आपोआप सुटतात.

वही कशी ठेवू, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. इंग्रजी शब्दांची वही ठेवू नका, मराठी शब्दांची ठेवा. एका पानाच्या माथ्यावर ‘आर्थिक’, दुसऱ्यावर ‘घरगुती’, तिसऱ्यावर ‘संवेदनशील’, चौथ्यावर ‘तोंडी’. इंग्रजी वाचताना यातलं एखादं भेटलं की विशेषण आणि नाम दोन्ही मिळून त्या पानावर टिपायचं. ‘तोंडी’च्या पानावर माझ्याकडे परीक्षेला ‘ओरल’ आहे, कराराला ‘व्हर्बल’ आणि ‘ओरल’ दोन्ही आहेत, आणि वैद्यकीय पत्रकांतली तोंडानं घ्यायची औषधं पुन्हा ‘ओरल’. ‘संवेदनशील’च्या पानावर त्वचा, विषय, मतदान केंद्र हे सगळे ‘सेन्सिटिव्ह’ आहेत. ‘सेन्सिबल’ तिथे नाहीच, तो ‘समंजस’च्या पानावर सल्ल्याच्या आणि निर्णयाच्या शेजारी बसलाय. माझी ‘मोठा’ची पानं आता सात झाली आहेत.

राहिला ‘कन्सर्न्ड ऑफिसर्स’चा प्रश्न. इथे साहेबांची लाल शाई चालायला हवी होती. ‘कन्सर्न्ड’ नामाच्या आधी आला तर अर्थ होतो काळजीत पडलेला, आणि नामाच्या नंतर आला तर संबंधित. ‘ऑफिसर्स कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधित अधिकारी, ‘कन्सर्न्ड ऑफिसर्स’ म्हणजे चिंताक्रांत अधिकारी. ‘प्रेझेंट’चंही असंच आहे: आधी आला तर सध्याचे सभासद, नंतर आला तर हजर असलेले सभासद, आणि इतिवृत्तात गणपूर्ती मोजताना हा फरक महागात पडतो. आपल्या सरकारी पत्रांत ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ इतका रुळला आहे की मंत्रालयात कुणी भुवई उंचावणार नाही. पण तुमचं निमंत्रण परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनाही जाणार असेल तर शब्दांची जागा बदला. किंवा त्याहून सोपं, त्या अधिकाऱ्यांची पदं सरळ लिहून टाका. संस्थेची इमारत पन्नास वर्षांची आहे म्हणता, तर अधिकारी चिंताक्रांत असणारही, पण ते निमंत्रणात कशाला?